माणूस बघून संच

टिपणीसकाकांकडे पोकरच्या चकत्यांचे सहा संच होते आणि पैसे लावून ते आयुष्यात एकदाही खेळले नव्हते. या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी छापला. दुसरा अर्धा मला माहीत होता, तरी छापला नाही. पत्रकात बसत नव्हता.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. नागपुरात अकरावीत असल्यापासून लिहितेय. पत्रकाचं शास्त्र सोपं असतं. पहिल्या ओळीत आरोप, मग पुरावा, शेवटी मागणी, आणि मध्ये कुठेही 'बहुधा' येऊ द्यायचा नाही. 'बहुधा' आला की वाचणारा त्या कागदात शेंगदाणे बांधतो. हे मला वरच्या वर्गातल्या पोरांनी शिकवलं आणि मी खालच्यांना शिकवलं. आज मात्र सरळ सांगते. अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये, एका तळघरात शनिवारी दुपारी एक टेबल मांडलं जायचं, ते माझ्यामुळे मोडलं. कसं मोडलं हे सांगायचं तर ते मांडणारा माणूस आधी सांगितला पाहिजे. नावं सगळी बदलली आहेत. ही अक्कल मला उशिरा आली.

मी शिकायला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात आमच्या विभागाने जुनं सायक्लोस्टाइलचं मशीन बाहेर काढून ठेवलं. फोटोकॉपीचं यंत्र आलं होतं, जुनं कुणाला नको होतं. मला हवं होतं. हँडल फिरवलं की ते मध्येच अडकायचं. मी ते दोरीने बांधून, बसमध्ये मांडीवर घेऊन, विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये नेलं. प्रयोगशाळांना लागणारी उपकरणं तिथे बनतात. आत निळा एप्रन घातलेले एक गृहस्थ लेथपाशी उभे होते. पन्नाशीचे, बुटके, कानांवर पांढरे केस. मी इंग्रजीत सांगायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, हँडल हळूहळू फिरवलं आणि मान तिरकी करून ऐकलं.

"एक दात गेलाय," ते मराठीत म्हणाले. "ऐक. इथे. कट्."

"तुम्हाला कसं समजलं मी मराठी आहे?"

"बाहेर त्या पोराला काय म्हणालीस? 'व्हॉट डूइंग राहिला तू?' हे इंग्रजी नागपूरशिवाय कुठे बनत नाही."

त्यांनी तो दात दोन दिवसांत करून दिला. मग विचारलं, हे ठेवणार कुठे. म्हटलं, खोलीत. "खोलीत तू राहशील की मशीन? आमच्या तळघरात ठेव. शाई सांडलीस तर मात्र मी तुला ओळखत नाही, काकूशी तू बघून घे."

आडनाव त्यांनी स्वतःचं सांगितलं आणि माझ्या कानाने आपलं काम केलं. आडनाव ऐकलं की आपण जात वाचतो. आम्ही त्यांची वाचतो, ते आमची. त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही. मी ते सुद्धा त्यांच्या खात्यावर वाईट म्हणूनच टाकलं. म्हटलं, न विचारण्याचा मोठेपणा दाखवतोय.

तर असं माझं मशीन त्यांच्या तळघरात गेलं आणि शुक्रवार-शनिवार मीही तिथे असू लागले. मशीनच्या समोरच्या भिंतीला फळ्या होत्या, आणि फळ्यांवर ते सहा संच.

काका चिप्स म्हणायचे नाहीत. "चिप्स बटाट्याच्या. या चकत्या." प्रत्येक संचाला त्यांनी स्वतः केलेली लाकडी पेटी, आत गोल खोबणी, चकती अशी बसायची की पेटी हलवली तरी आवाज येऊ नये. एक संच नेवाडातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातला, मातीसारख्या मिश्रणाचा, जड, कडेवर रंगीत पट्टे. एक बेकेलाइटचा, मोहरीच्या आणि वाटलेल्या पुदिन्याच्या रंगांचा. एक पातळ प्लास्टिकचा, एकमेकांत अडकणाऱ्या खाचांचा, प्रवासासाठी. एक मेपलच्या लाकडाचा, त्यांनी लेथवर केलेला. एक गराज सेलमधून, म्हणजे लोक घरापुढे जुनं सामान मांडून विकतात तिथून, आणलेला. त्यात अकरा निळ्या चकत्या कमी होत्या आणि त्या अकरा निळ्यांसाठी काका दोन उन्हाळे जवळपासच्या गावांमधल्या लोकांच्या अंगणांत वाकून बघत फिरले. नऊ मिळाल्या. उरलेल्या दोन त्यांनी केल्या आणि त्या दोन कुठल्या हे आलेल्याला कानाने ओळखायला लावायचे. सहावा संच खालच्या फळीवर, पत्र्याच्या जुन्या तंबाखूच्या डब्यात. रंग उडालेला, कडा कुरतडल्यासारख्या. मी एकदा तो डबा उचलला तर म्हणाले, "तो राहू दे."

त्यांचं सगळं कानावर चालायचं. दुकानात सफरचंदाला टिचकी मारायचे. कपाला टिचकी मारून म्हणायचे, "याला तडा आहे, महिनाभर टिकेल." सकाळी दार उघडून बर्फावर एक पाय टाकायचे, "करकर वाजतोय, कोरडा आहे, बस वेळेवर येईल." ती यायची.

माझी पत्रकंही ते वाचायचे. एकदा म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे गं. पण उद्गारचिन्हं फार. एका फळीला एवढे खिळे ठोकले की फळीच फाटते." मी हसले नाही. मला राग आला. सवर्णांना आमचा मुद्दा कधी चुकीचा वाटत नाही, त्यांना फक्त आवाज मोठा वाटतो, हे मी त्याच संध्याकाळी दुसऱ्या पत्रकात लिहिलं. चार उद्गारचिन्हं देऊन.

आणि मी त्यांना छळायचेही. "काका, एका संचावर भागत नाही का? जगात लोकांना एक वेळचं..."

"थांब, भाषण नको," ते म्हणाले. "पहिला संच मी खेळायला घेतला. दुसरा घेतला तेव्हा पहिल्याचा आवाज कसा आहे ते कळलं. एकच असतो तोवर कळत नाही, तोच आवाज वाटतो. तिसऱ्यापासून पुढे कारण विचारायचं नसतं. ते काकू विचारते."

काकू जिन्यावर चहा घेऊन उभ्याच होत्या. "विचारते तर! नवरा एक पुरला, नोकरी एक पुरली, आणि प्लास्टिकची बटणं सहा डबे लागतात यांना."

"घरात तवे किती?"

"तव्यांचं काय मध्येच?"

"किती?"

"तीन."

"तीन! पोळीच्या तव्यावर भाकरी का नाही करत?"

"अहो, तव्याची वाट लागेल! भाकरीचा तवा जाड लागतो, आणि धिरड्याचा तर—" काकू थांबल्या. मग मला म्हणाल्या, "तू यांच्या नादी लागू नकोस. चहा घे."

शनिवारी दुपारी टेबलाभोवती चार-पाच जण असायचे. मराठी मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर, एखादा नवा विद्यार्थी, कधी वर्कशॉपमधलं कुणी. पैसे नाहीत. हरेल त्याने पुढच्या वेळी खायला आणायचं, एवढंच. पण पेटी कुठली उघडायची ते काका ठरवत. डॉक्टर असले की नेवाडाचा जड संच. "डॉक्टरांच्या हातात वाईट पत्ते आले की ते चकत्या खुळखुळवतात. जड असल्या की चांगलं ऐकू येतं." नवा पोरगा आला की लाकडी. "लाकूड आवाज करत नाही. हरला तरी त्याला हरल्यासारखं वाटत नाही." आणि मग ते वाक्य, जे मी वहीत लिहून ठेवलं:

"माणूस बघून संच काढावा लागतो."

आता त्या वर्षीची आमची लढाई सांगते, कारण तिच्याशिवाय हे कळणार नाही. मंडळाच्या संमेलनाला प्रत्येक घरातून एकेक पदार्थ यायचा. गावात तीन बौद्ध कुटुंबं होती. त्यांच्या डब्यांसाठी हॉलच्या कडेला वेगळं टेबल लावलेलं होतं आणि त्यावर सुबक अक्षरांत चिठ्ठी: 'तिखट पदार्थ'. आमच्या एका ताईंनी शिरा नेला होता. तो शिराही त्या टेबलावर. तिखट शिरा! लोक रांगेने येत, मोठ्या टेबलाशी वाढून घेत आणि तिथूनच वळत. ताईंनी भरलेलं पातेलं परत नेलं. आमची मागणी दोन शब्दांची होती: एकच टेबल. मंडळाची वार्षिक सभा मार्चमध्ये होती आणि मी सभेआधी एक पत्रक काढणार होते.

त्याआधीच्या एका शनिवारी वॉल्टर आला. वॉल्टर वर्कशॉपमध्ये काकांच्या शेजारच्या लेथवर, साठीला आलेला, उंच, काळा माणूस. तो महिन्यातून एखाद्याच वेळी यायचा आणि मी असताना पहिल्यांदाच येत होता. डॉक्टर आधीच बसले होते, नेवाडाची पेटी उघडली होती. वॉल्टरचे बूट जिन्यावर वाजले तसे काका डॉक्टरांना मराठीत म्हणाले, "हा उचला. आज वॉल्टर आहे." पट्ट्यांच्या चकत्या भराभर खोबणींत गेल्या, पेटी बंद झाली, वर गेली. आणि खालच्या फळीवरून तो पत्र्याचा डबा आला.

मी मशीनपाशी उभी होते. माझे हात थांबले. माझी आजी ज्या घरी सरपण फोडायला जायची तिथे तिचा कप गोठ्याच्या वळचणीला उपडा असायचा. कान तुटलेला. चांगले कप आत. मी तो कप पाहिलेला नाही, पण तो मला कुठेही ओळखता येतो अशी माझी खात्री होती.

ते दोन तास हसत-खिदळत खेळले. वॉल्टर गेला. डॉक्टर गेले. एरवी खेळ संपायच्या आत मी निघायचे, त्या दिवशी थांबले. मग काकांनी एका घमेल्यात साबणाचं कोमट पाणी घेतलं आणि त्या चकत्या एकेक करून, जुन्या टूथब्रशने, धुतल्या. टॉवेलवर ओळीने मांडल्या. मला म्हणाले, "तुझं झालं का छापून?"

"नाही," मी म्हटलं. "आता सुरू होईल."

वेगळा संच. मराठीत दिलेली सूचना. नंतर धुणं. आणि त्यांच्याच तोंडचं वाक्य. यापेक्षा जास्त पुरावा कुठल्या कोर्टात लागतो? मी विचारलं नाही. विचारायचं माझ्या मनातच आलं नाही. शुक्रवारी काका कामावर असताना त्यांच्या तळघरात, त्यांनी दात बसवून दिलेल्या मशीनवर, मी ते पत्रक छापलं. 'एका तळघरातली अस्पृश्यता'. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. संमेलनाचं टेबल खाली, दुय्यम, वर चकत्या. काकांचं नाव घातलं नाही, 'एक पुरोगामी टिपणीस' असं घातलं, म्हणजे घातलंच. वॉल्टरचं नाव मात्र पूर्ण घातलं. पीडिताला नाव असलं पाहिजे, हे माझं तत्त्व होतं. शत्रूच्याच यंत्रावर शत्रूचं पितळ छापतोय याची मला गंमत वाटत होती. काकू चहा घेऊन खाली आल्या तेव्हा मी वरचा कागद उलटा केला. त्यांनी पोह्यांची बशी मशीनवर ठेवली आणि म्हणाल्या, "शाईच्या हातांनी खाऊ नकोस गं."

मी खाल्ले ते पोहे.

पत्रकं मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी वाटली. विद्यापीठात, वर्कशॉपच्या फलकावर, आणि एक मैत्रीण म्हणाली म्हणून काळ्या वस्तीतल्या एका चर्चमध्येही एक गठ्ठा ठेवून आलो. आपली लढाई एक आहे, वगैरे.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत विद्यार्थी इमारतीत मी टेबल मांडून बसले होते. वॉल्टर आला. कामाचे कपडे, हातात घडी केलेलं पत्रक. मी उठले, हात पुढे केला. खरं सांगायचं तर मला वाटलं, हा आभार मानायला आलाय.

त्याने हात घेतला नाही. तो इंग्रजीत बोलला, मी मराठीत लिहिते.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"या चकत्या कुणाच्या आहेत, ठाऊक आहे?"

"टिपणीसांच्या."

"माझ्या बापाच्या. तो रेल्वेत झोपायच्या डब्यांवर हमाल होता. गाडी यार्डात लागली की ते लोक या चकत्यांवर खेळायचे. त्याने मला दिलेली ही एकच वस्तू आहे." त्याने पत्रकाची घडी उलगडली, परत घातली. "माझ्या घरी पत्ते चालत नाहीत. बायकोच्या भावाचं घर पत्त्यांनी गेलं. मी तिला शब्द दिलाय. म्हणून डबा टिपच्या घरी असतो. मी येतो त्या दिवशी तो आपले देखणे संच बंद करतो आणि माझ्या बापाचा काढतो. मी सांगितलेलं नाही त्याला. तो आपणहून करतो."

माझ्या तोंडून काय निघावं? "पण ते धुतात," मी म्हटलं. "तुम्ही गेल्यावर. मी पाहिलं."

"तो सगळेच धुतो, पोरी. त्याच्या बायकोचा तो पिवळा चुरमुरा तेलकट असतो."

"मी तुमच्या बाजूने लिहिलं."

"माझी बाजू तुला कुणी सांगितली? मी टेबलाच्या पलीकडेच बसलो होतो. तुझ्यापासून चार पावलांवर." तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर मला उत्तर देता आलं असतं. "मला कोण कसं वागवतं ते मला कळतं. साठ वर्षांचा आहे मी. त्या गोष्टीला वास असतो. टिपच्या घरी मला तो आला नाही. आला असता तर मी गेलोच नसतो, तुझ्या पत्रकाची वाट बघत बसलो नसतो."

आणि जाता जाता, "रविवारी चर्चमध्ये हा कागद माझ्या बायकोच्या हातात पडला. तिने पहिल्यांदा काय वाचलं असेल? माझं नाव. आणि पत्ते."

आमच्याबद्दल इतरांनी बोलू नये, आम्हाला विचारल्याशिवाय आमची दुःखं लिहू नयेत, यावर मी आजवर किती पत्रकं काढली असतील, मोजलेलं नाही. आणि मी समोर बसलेल्या माणसाला 'तुम्हाला यात अपमान वाटतो का हो' एवढं विचारलं नव्हतं.

मार्चची सभा झाली. मी मागे बसले होते, एकच टेबल मागायला आलेली, आणि तोंड उघडायची लाज वाटत होती. डॉक्टरांनी माझं पत्रक वर धरून दाखवलं. त्यांना वॉल्टरच्या डब्याची गोष्ट तोवर कळली होती आणि ते खूश होते. "बघा मंडळी. चांगल्या माणसाच्या घरचा चहा प्यायचा आणि हे छापायचं. यांना सगळीकडे तेच दिसतं! त्या वेगळ्या टेबलाची तक्रार पण याच कागदावर आहे. आता बोला, त्यावर काय चर्चा करायची?" लोक हसले. शिरा आणणाऱ्या ताई माझ्या शेजारी होत्या. त्या हसल्या नाहीत, माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. माझ्या खोट्या तक्रारीने त्यांची खरी तक्रार बुडवली होती, आणि ते दोघींनाही कळत होतं.

मग काका उठले. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"पत्रकात माझ्याबद्दल जे आहे ते चूक आहे," ते म्हणाले. "टेबलाबद्दल जे आहे ते बरोबर आहे."

"बसा हो टिपणीस," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही कशाला..."

"'तिखट पदार्थ' ही चिठ्ठी माझ्या अक्षरातली आहे. कुणीतरी म्हणालं, वाद नको, वेगळं ठेवू. मी म्हटलं, बरं, आणि अक्षर चांगलं म्हणून मीच लिहून दिली. शिरा तिथे ठेवताना मी बघितला. मला ऐकू आलं होतं काय चाललंय ते. मी काही बोललो नाही." एवढं बोलून ते बसले आणि खिशातून रुमाल काढून हात पुसत राहिले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डॉक्टरांनी विषय पुढे ढकलला. पुढच्या संमेलनाला एकच टेबल लागलं, चिठ्ठीशिवाय, पण ताई आल्या नाहीत. मी त्याला विजय म्हणून कुठे लिहिलेलं नाही. आणि माझी चूक झाली म्हणून पंगतीतली चूक बरोबर ठरत नाही, हे मी आजही तितक्याच जोरात सांगेन. फक्त सांगताना माझा आवाज मलाच ऐकू येतो आता.

सभेनंतरच्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. माफीचं पत्रक लिहून नेलं होतं. दुसरं काय येतं मला? काकूंनी दार उघडलं.

"तू त्या शुक्रवारी खाली हेच छापत होतीस?"

"हो, काकू."

"मी पोहे आणून दिले तेव्हा?"

"हो."

"आणि खाल्लेस?"

त्या बाजूला झाल्या. "जा. खालीच आहेत."

तळघरात टेबल होतं, माणसं नव्हती. शनिवारची दुपार होती. डॉक्टर येणं बंद झालं होतं, सभेतल्या बोलण्याचा त्यांना राग होता. नवी पोरं येत नव्हती. ज्या घराबद्दल छापून येतं तिथे कोण जाईल? वॉल्टर येऊच शकत नव्हता. काका त्या पेट्यांना तेलाचं फडकं मारत होते.

"या," ते म्हणाले. "बसा."

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबले. एवढे दिवस 'ये गं' होतं, 'ऐक' होतं, 'भाषण नको' होतं. मला वाटलं मागे आणखी कुणी आलंय. नव्हतं.

"काका, असं नका ना बोलू."

"कसं?" त्यांना खरंच कळलं नव्हतं बहुधा. मनाने नाही, तोंडाने ठरवलं होतं.

मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. मग खिशातली पेन्सिल काढली आणि वॉल्टरचं नाव आलं होतं तिथे तिथे काट मारली. पाच ठिकाणी. मग चकत्यांचा परिच्छेद कापला. मग रेल्वेचा. खाली 'आम्ही चुकलो' तेवढं राहिलं आणि माझी सही.

"त्याचं नाव पुन्हा छापू नका," ते म्हणाले. "तुमची माफीसुद्धा त्याच्या घरी जाईल. पुन्हा वाचलं जाईल, पुन्हा बोलणं होईल. जरा शांत होतंय तिकडे."

"मग मी करू काय?"

"काही करू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "मशीनला तेल घालून ठेवलंय. न्यायचं असेल तेव्हा सांगा, मी गाडीने सोडतो. जड आहे. बसने नेऊ नका."

मला शिव्या चालल्या असत्या. हकालपट्टी चालली असती, तिची मला सवय होती. तिच्यावरही पत्रक निघतं. पण 'काही करू नका' याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. ते माफीपत्रक मी छापलं नाही. तीन वर्षांनी हे लिहितेय ते मराठीत लिहितेय म्हणून लिहितेय. वॉल्टरच्या चर्चमध्ये मराठी कुणाला येत नाही.

मशीन मी नेलं. काका गाडीने सोडायला आले, वाटेत आईची तब्येत विचारली, 'तुमच्या आईची'. त्यांच्या घरी मग मी गेले नाही.

शेवटचं पाहिलं ते गेल्या शरदात. आमच्या प्रयोगशाळेच्या पंपाचं एक झाकण तुटलं होतं, ते करून घ्यायला मला वर्कशॉपमध्ये पाठवलं. जेवणाची सुट्टी होती, यंत्रं बंद. दाराच्या काचेतून आत बघितलं. मागच्या बाकाशी काका आणि वॉल्टर समोरासमोर स्टुलांवर बसले होते. दोघांच्या मध्ये पत्ते आणि लोखंडी वॉशर. नटबोल्टखाली घालायचे ते साधे वॉशर, लहान-मोठे, दोघांच्या पुढ्यात ढीग. वॉल्टर एकेक उचलून मधल्या ढिगावर टाकत होता आणि काका मान तिरकी करून ऐकत होते. काहीतरी बोलले. वॉल्टर मागे रेलून मोठ्याने हसला.

मला इतकं बरं वाटलं की मी दार ढकललं.

काकांनी मान वर केली. मला बघितलं. वॉल्टरने माझ्याकडे बघितलं नाही, काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याचं हसणं थांबलं. काकांनी खांद्यावरचं पुसायचं फडकं उचललं आणि पत्त्यांवर, वॉशरांवर पसरून टाकलं. सुपरवायझर आला की टाकतात तसं. मग एप्रनला हात पुसत उठून पुढे आले.

"बोला," ते म्हणाले. "काय काम काढलंत?"